तुपावरची खीर

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. पखवाजालाही दम घेऊ द्या. आणि मला एवढं सांगा — देवाला सगळं कळतं ना? कळतं! आपल्या पोटातली भूक, मनातला सल, काही म्हणून त्याच्यापासून लपत नाही. मग तो आपल्या हाकेची वाट का बघतो? आधीच का येत नाही? माया आटली त्याची?

ते पुढचे आजोबा म्हणताहेत, ‘महाराज, देव झोपलेला असतो!’ — आजोबा, झोपता तुम्ही! आणि तेही माझ्या कीर्तनात! असू द्या. उत्तराची घाई नको. आधी केराबाईची गोष्ट ऐका.

माणदेशातलं एक गाव. पाऊस कमी, मेंढरं जास्त. तिथं सिद्राम सनगर राहायचा. घोंगड्या विणणारा माणूस! मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की ऊठ म्हणून सांगावं लागायचं. त्याच्या घोंगडीतून पाणी खाली उतरायचं नाही, अशी घट्ट वीण. आणि त्याची बायको केराबाई. लोकर पिंजणं, सूत कातणं, सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजवणं सगळं तिच्याकडे. पण तिचं खरं काम एकच — वाढणं! नवरा मागावरून उठायच्या आधी ताट तयार. पोटात कावळे ओरडायला लागायच्या आत भाकरी पुढ्यात! लग्न झाल्यापासून सिद्रामानं ‘केरा, जेवायला वाढ’ असं एकदा म्हटलं असेल तर शपथ. म्हणायला सवडच कुठे मिळाली?

आमच्या आयाबाया बघा कशा माना डोलावताहेत! ‘आमचंही तस्संच!’ थांबा. अजून गोष्ट पुढेच आहे.

तर झालं काय, सिद्रामाचा उजवा खांदा धरला. आधी दुखायचा, मग आखडला, मग हात छातीच्या वर जाईना. धोटा फेकणारा हात तो! माग बंद पडला. घास तोंडापर्यंत नेववेना, तोही केराबाईनं भरवायचा. खड्ड्याच्या काठाला बसून तो अर्ध्या विणलेल्या घोंगडीकडे नुसता बघत राहायचा. केराबाईच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. तिनं शेजारगावच्या त्र्यंबकनाना वैद्यांना बोलावणं धाडलं.

नाना म्हणजे मोठे जाणते, पण जीभ तिखट! त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, खांदा दाबला. म्हणाले, ‘‘सिद्राम, आतून कोरडा पडलायस. वाळकी काठी वाकवायला गेलं तर मोडते. तेल मुरवून शेकली तर वाकते. आधी आतून तूप, मग बाहेरून तेल, मग शेक.’’

केराबाईचा चेहरा खुलला. तूप! म्हणजे खाऊ घालायचंच औषध! ती म्हणाली, ‘‘नाना, पोळीवर घालू का भातावर?’’

‘‘डोक्यावर घाला माझ्या!’’ नाना कडाडले. ‘‘अहो, हे कडू औषधांत सिद्ध केलेलं तूप आहे. सकाळी कोमट करून नुसतं प्यायचं, वर गरम पाणी. रोज थोडं थोडं वाढवायचं. आणि ते पचून पोटातून भूक लागेपर्यंत दुसरं काही नाही. भूक लागली, त्यानं मागितलं, की मग पातळ गरम पेज. नीट ऐका, केराबाई — भूक त्याची! तुमच्या मनातली नव्हे!’’

आता सांगा, केराबाईला हे जमावं कसं? दुसरं काही सांगा — डोंगर फोड म्हणा, फोडेल! पण नवरा समोर उपाशी आणि आपण गप्प बसायचं? तरी बिचारीनं सुरुवातीला कळ काढली. सिद्राम नाक दाबून तूप प्यायचा, तोंड कसंनुसं करायचा, आणि ही चुलीपाशी येरझाऱ्या घालायची. तांब्या उचल, ठेव. टोपली उघड, झाक.

आणि नेमका सासऱ्यांचा म्हाळ आला! पितरपाटाचे दिवस. घरात खीर शिजली, वडे तळले, भाजीला फोडणी पडली. आळीभर वास! केराबाईनं कौलावर कावळ्याला पान ठेवलं. कावळा असा झडप घालून आला की ठेवणारीचा हात सुटायची वाट पाहिली नाही. ती घरात वळली आणि तिला अंथरुणावर पडलेला सिद्राम दिसला. सकाळी तूप प्यालेला. डोळे मिटलेला.

तिच्या मनात आलं — मेलेल्या सासऱ्याला वाढलं, कौलावरच्या कावळ्याला वाढलं, आणि माझा जिता माणूस उपाशी? असलं कसलं औषध!

वाटीभर खीर घेऊन ती त्याच्याजवळ बसली. ‘‘अवो, जरा तोंड लावा. नानास्नी कोण सांगतंय?’’

सिद्रामाला भूक होती का? मुळीच नव्हती! तूप अजून घशाशी होतं. पण बायकोचा तो चेहरा! तिचं मन कसं मोडायचं? त्यानं आ केला. एक घास, दुसरा घास, वाटी रिकामी. दोघंही एकमेकांवर माया करत होते, मंडळी, आणि त्या मायेनंच घात केला.

दुपार कलायच्या आत पोट फुगलं. उलट्या सुरू झाल्या. अंगात ताप भरला, माणूस अंथरुणाला खिळला. केराबाईनं रडत नानांना निरोप धाडला.

नाना आले. वास घेतला, वाटी पाहिली, आणि सगळं समजले. ओरडले नाहीत — तेच जास्त भीतीदायक होतं! त्यांनी सुंठीचं गरम पाणी दिलं, रोग्याला लंघन घातलं. चार दिवस असेच गेले, ताप उतरला. तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, ‘‘आता पुन्हा पहिल्यापासून. पण या घरात नाही. सिद्रामाला मी माझ्याकडे नेतो. बरा झाला की परत पाठवीन. तोवर, केराबाई, तुम्ही तिकडे फिरकायचं नाही.’’

केराबाई मटकन खाली बसली. ‘‘न्हाई वो नाना! येवढं नका करू!’’

‘‘मग सांगा, मनाई असताना का भरवलंत?’’

तिनं पदराचं टोक पिळलं. मग बोलली. ‘‘दुष्काळाचं साल हुतं. मी ल्हान, माझा भाऊ माझ्याहून ल्हान. आईबा खडी फोडाय गेलं हुतं आन् मी त्येला कडंवर घिऊन झाडाखाली बसल्याली. त्यो सारखा म्हणायचा, ‘आक्के, भूक लागली.’ माझ्यापाशी काय बी नव्हतं, नाना. पानी पाजायची मी. म्हणायची, झोप. त्यो झोपला त्यो उठलाच न्हाई. तवाच ठरवलं — माझ्या घरात कुनाच्या तोंडातनं त्यो शबुद यायच्या आदी मी ताट वाढनार. मला त्यो शबुद ऐकवत न्हाई.’’

अंथरुणावरून सिद्रामाचा आवाज आला. ‘‘केरा... आन् मला कदी बोलली न्हाईस?’’

‘‘तुमी इचारलं न्हाईसा.’’

खरंच होतं ते. ताट आयतं समोर येत होतं, तो कशाला विचारतोय?

नाना वैद्य उपरणं सावरत तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिखट जीभ मऊ झाली. ‘‘बाई, तुम्ही त्या लेकराच्या भुकेला वाढताय. पण ती भूक या माणसाच्या पोटात नाही. सारखं वाढून वाढून तुम्ही त्याला स्वतःची भूकसुद्धा ओळखू देत नाही. तो इथंच राहील. पण तूप पचेपर्यंत त्याच्याजवळ बसायचं — रिकाम्या हातांनी. जमेल?’’

‘‘जमवते,’’ ती म्हणाली.

लंघन संपलं, पोट साफ झालं, आणि सकाळी पुन्हा तूप दिलं गेलं. पेजेचं भांडं चुलीच्या बाजूच्या वैलावर, मंद आचेला तयार होतं. केराबाई त्याच्या उशाशी बसली. अरे, काय ते बसणं! हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मांडीवर ठेवले, पदरात गुंडाळले, शेवटी बुडाखाली दाबून बसली! उन्हं अंगणातून ओट्यावर आली. शेजारीण डोकावली, ‘‘काय गं, आज काम न्हाई व्हय?’’ केराबाई म्हणाली, ‘‘लई मोठ्या कामाला बसलीया.’’

आणि करायला काही नाही म्हणून ती नवऱ्याकडे बघत राहिली. भुवया पांढऱ्या झाल्यात की ह्यांच्या! कानामागं हा व्रण कधीचा? इतकी वर्षं ताटाकडे बघितलं, ताटापुढच्या माणसाकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

सिद्रामानं ढेकर दिली. तिनं मान पुढे काढली. छे, तुपाचीच! पुन्हा वाट. पुन्हा एक ढेकर — ही स्वच्छ, कोरडी. त्यानं डोळे उघडले. पोटावर हात फिरवला. काहीतरी नवंच ऐकू आल्यासारखा तो थांबला. आणि म्हणाला,

‘‘केरा... भूक लागली गं.’’

तोच शब्द! जन्मभर ज्याच्या आधी ताट घेऊन ती धावली, तो शब्द! तिच्या डोळ्यांपुढे खडीचा ढीग आला, ते झाड आलं, कडेवरचं लेकरू आलं. पण या वेळी — मंडळी, या वेळी चुलीवर पेज होती! भूक लागली म्हणणाऱ्याला या वेळी तिला वाढता आलं. ढसाढसा रडत तिनं पेज वाढली, आणि सिद्रामानं ती वाटी चाटूनपुसून संपवली. म्हणाला, ‘‘अशी चव कदी लागलीच नव्हती.’’

पुढे तूप संपलं, तेल सुरू झालं. रोज खांद्यावर कोमट तेल, रोज शेक. पाठोपाठ दिवाळी आली. पहाटे केराबाई तेलाची वाटी घेऊन नवऱ्याला माखायला आली, तर सिद्रामानं वाटी तिच्या हातातून काढून घेतली. उजव्या हातानं! आणि हात वर नेला — खांद्याच्या वर, सगळा!

‘‘बस पाटावर,’’ तो म्हणाला. ‘‘आज मी माखनार. पर तू मागितल्याबिगर न्हाई. तूबी कदी काय मागितलं न्हाईस. सांग, कुटं दुकतंय?’’

देणं केराबाईला येत होतं, मागणं कधी शिकलीच नव्हती. तो वाटी घेऊन तसाच उभा राहिला. घाई केली नाही. शेवटी ती लहान पोरीसारखी म्हणाली, ‘‘पाठ... पाठ चोळून द्या वो. लई वर्सं दुकतीया.’’

आता द्या माझ्या प्रश्नाचं उत्तर! देव का थांबतो? माया नाही म्हणून? अरे, तो उशाशी बसलाय! पेज चुलीवर ठेवून, हात आवरून, आपल्या तोंडाकडे बघत बसलाय. तुमची भूक तुम्हाला कळावी, म्हणून थांबलाय. त्याचं ते थांबणं किती अवघड असेल, हे केराबाईला विचारा!

आणि हो, ‘आमचंही तस्संच’ म्हणून माना डोलावणाऱ्या आयांनो — आणि आयतं ताट ओढून घेणाऱ्या बाप्यांनो, तुम्हीसुद्धा! आज घरी जाल, तेव्हा आपल्या माणसाजवळ घटकाभर रिकाम्या हातांनी बसा. ‘कुठं दुखतंय’ एवढंच विचारा. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.

घ्या टाळ हातात. त्याला हाक मारू या. तो कधीचा वाट बघतोय.