रोग पोटात, धाड तोंडावर

...नाही पण मला सांगा, आतड्याच्या कॅन्सरवाल्याला दातांच्या खुर्चीत बसवायचं काही कारण? केमो सुरू करा म्हणून गेलो, तर मोठे डॉक्टर म्हणतात, "आधी दात दाखवून या, मग औषध." अहो, रोग पोटात आणि धाड तोंडावर!

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं वजनमाप निरीक्षक होतो मी, माझी चाहूल लागली की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे, मग मी काय कच्च्या गुरूचा चेला? निघण्याआधी वीस मिनिटं दात घासले, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत! तिथे कोण, तर आमच्या धाकटीच्या वयाची दातांची डॉक्टरीण, आवाज मधाळ. "काका, रोज दोनदा घासता ना?" म्हटलं, "म्हणजे काय!" तर या पोरीने कसलंसं गुलाबी औषध दातांना फासलं, चूळ भरायला लावली आणि आरसा हातात दिला. जिथे जिथे वर्षानुवर्षं ब्रश फिरकला नव्हता, तिथे तिथे लालभडक! "काका, हे आजचं नाही हं," म्हणते. अहो, हे वाक्य माझं! पारड्याखाली चिकटवलेलं मेण काढून मी हेच ऐकवायचो लोकांना! आणि आमची ही शेजारी उभी राहून आरशात डोकावतेय, "मी सांगत नव्हते?" रोग पोटात, धाड तोंडावर, आणि पंच म्हणून घरची बायको!

पुढे तासभर नुसती खरवड खरवड. एक दाढ आतून किडलेली निघाली, तीही उपटली. "केमोत अंगातली ताकद कमी होते काका, मग अशी दाढ पू धरते, ताप चढतो." ती जखम भरेपर्यंत केमो थांबलेली! वर मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या रोज पाच गुळण्या, आणि प्रत्येक डोसच्या आधी त्या डॉक्टरणीपुढे हजेरी. "आ करा." केला आ. "जीभ बाहेर." काढली बाहेर. साठी उलटलेल्या माणसाला शोभतं का हे?

केमोला माझ्या शेजारी एक किराणावाला असायचा, माझ्यासारखाच फटकळ. त्याने दातांकडे सरळ दांडी मारली. "आधी कॅन्सर, दातांचं बघू सावकाश!" मी म्हटलं, हा खरा शहाणा, आपण मूर्ख. आणि तिसऱ्या खेपेला आला तर... तोंड एवढं आलेलं, की पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांना धार. बोलता येईना, कागदावर लिहून दाखवलं, "डोस पुढे ढकलला." खोटं कशाला बोलू, टरकलो मी. घरी येऊन सात गुळण्या केल्या, पाच नाही, सात! बायको मोजत होती.

काल सहावा डोस, शेवटचा. सलाइन चालू, आणि मी नर्सबाईंना हीच सगळी हकीकत ऐकवतोय, पार त्या गुलाबी औषधापासून, रोग पोटात आणि धाड कशी तोंडावर... अडीच तासांनी त्या आमच्या हिच्याकडे वळल्या. "मावशी, सहा डोस झाले, यांचं तोंड एकदाही आलं नाही?"

"एकदाही नाही," ही म्हणाली, आणि असा काही सुस्कारा सोडला...! तीस वर्षं मापं तपासली हो मी, पण तो सुटकेचा होता की वैतागाचा, ते काही मला मापता आलं नाही.