ताईने छापून घेतलेला कायदा

अरे, तेव्हा घरोघरी इंटरनेट कुठे होतं? नाशकात माझ्या ताईला घरमालक अचानक खोली सोडायला सांगत होते, म्हणून भाडेकरूंचा कायदा शोधायला आम्ही सायबर कॅफेत गेलो. एक साइट पैसे मागत होती. दुसरीवर फुकट मिळालेला कायदा कॅनडाचा निघाला. वैतागून सरकारी साइट उघडली, तर पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा.

कॅफेवाला म्हणाला, "मराठी फॉन्ट नाहीये आपल्याकडे."

मी उठलोच. ताई म्हणाली, "छाप तसंच."

"अगं, यातलं एक अक्षर कळत नाही."

"घरमालकांना तरी कुठे कळणार आहे? वर सरकारी चिन्ह आहे ना."

घरमालकांनी चष्मा लावून पानं बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "असं आहे होय कायद्यात? राहा मग."