कारवीच्या फुलांची कोरी जागा

मंडळी, एवढे सगळे आलात. नाहूरच्या आपल्या सोसायटीत वार्षिक सभेलाही एवढी माणसं जमत नाहीत. मला धड बोलता येईल की नाही, माहीत नाही. सकाळपासून घसा बसलाय. रडून नाही, भांडून.

मी मंगल. रिबेकाच्या समोरच्या दारात राहते. ती गेल्यावर तिच्या घरचे सात दिवस जमिनीवर बसून होते. ज्यू लोकांत तशी रीत आहे, घराबाहेर पडत नाहीत. त्या सात दिवसांत खाली आपण काय केलं? बाग साफ केली. कशासाठी? हा मंडप टाकायला! रिबेकाच्या शोकसभेसाठी रिबेकाचीच बाग उपटली. धन्य आहे आपली.

कदमभाऊ, सेक्रेटरी आहात ना, मान खाली घालू नका. मी विचारायला आले तेव्हा काय म्हणालात? "मंगलताई, रानटी झुडपंच होती ती. पाहुण्यांच्या चपला चिखलात नकोत." आणि वर खडी पसरलीत. झकास काम.

रानटीच होती हो. कुडा, निर्गुडी, कारवी. इथे इमारती यायच्या आधी जे उगवायचं, तेच ती लावायची. मी म्हणायचे, "अगं, चार गुलाब लाव की." ती म्हणायची, "मंगल, जग मोडलंय, आणि दुरुस्तीचं काम देवानं आपल्या गळ्यात मारलंय. जे मोडलं, तेच परत लावायचं. नुसती शोभा नाही करायची." हीच तिची प्रार्थना. आधी माती, मग ब्रश. जे झाड फुलेल, त्याचं चित्र. डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिनं एक पाकळी काढली नाही कधी.

हे समोरचं तिनं काढलेलं कारवीचं चित्र बघा. आधी तो झेंडूचा हार काढा कुणीतरी. त्यांच्यात फुलं वाहत नाहीत, सांगून सांगून थकले मी. दिसलं? नुसती पानं आहेत. फुलांची जागा कोरी. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. आपल्या बागेतल्या कारवीचं बी रिबेकाच्या पेणच्या मामाच्या डोंगरावरचं. "आमच्या धर्मात सातव्या वर्षी शेताला सुट्टी," रिबेका हसून म्हणायची, "आणि ही बया सुट्टीतच नटते!"

हे सातवं वर्ष. दवाखान्यात शेवटी तिनं मुलाचं नाही विचारलं. म्हणाली, "कळ्या आल्या का गं?" आल्या होत्या. सांगितलं तशी खूश झाली. "फुलली तरी तोडू नकोस हं. बी पडू दे. मग झाड मरतंच, मरू दे."

बी पडायच्या आधीच आपण मारलं. आता फूल नाही, बी नाही, ती नाही. परत लावू म्हणताय? कुठून आणणार? मामाच्या डोंगरावर प्लॉट पडलेत.

तिनं तुम्हाला माफ केलं असतं. मी करणार नाही.

आता उभे राहा. त्यांच्यात कबरीवर फूल नाही, खडा ठेवतात. पायाखाली बघा, खडी भरपूर आहे. एकेक उचला आणि त्या चित्रापुढे ठेवा. कुणी एक शब्द बोलायचा नाही.

कदमभाऊ, पहिला खडा तुमचा. या.