डुकरायनं कापलेले गुण

अबे, नव्या अल्बमले मी गुण कसे देतो ते ऐकसान तर हसू हसू मरसान!

तुमाले माहीतच हाय, हेवी मेटल नाही तर हार्डकोर, म्हणजे रागानं बोंबलून म्हनायच्या गाण्यायचा नवा अल्बम आला का मी त्याच्यावर व्हिडिओ टाकतो. मागच्या हप्त्यात दोन आले. पहिला ऐकून मी तं येडाच झालो! काय तो ड्रम, काय त्या बोंबा! म्हटलं, दहापैकी नऊ. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग म्हणजे टिनावर गोटे पडल्यावाणी. त्याले चार.

तेवढ्यात शेजारच्या वावरातले नामदेवकाका आले. म्हणे, "बापू, भोंग्यावरच्या 'हाट हाट'ले रानडुकरं आता भेतच नाही. तुह्ये ते बोंबलणारे दे न दोन दिवस."

मी दोन्ही अल्बम पेनड्राइव्हमध्ये भरून दिले. म्हटलं, एका रात्री नऊवाला लावा, दुसऱ्या रात्री चारवाला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच काका दारात. "पहिला वाजून राह्यला होता, अन् डुकरं आरामात तूर खाऊन गेले. दुसऱ्याले एकही फिरकलं नाही!"

"काहून पण, काका? पहिलाच तं जास्त रागीट हाय!"

"तो रागावला नाही रे, रागावल्याचं सोंग करून राह्यला. माणसाले नाही समजत, डुकराले समजते."

मी दोन्ही पुन्हा ऐकले. आईशप्पथ, म्हातारा बरोबर होता! व्हिडिओत गुण उलटे करून टाकले.

खाली एकानं विचारलं, "भाऊ, एवढ्या भारी बँडचे गुण कायले कापले?"

मी लिहिलं, "डुक्कर भेलं नाही."