अपडेटनंतरचा काळा स्क्रीन

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको बसले होते. लॅपटॉप बायकोच्या मांडीवर होता.

"आज संध्याकाळी माझी फिल्म द्यायची आहे आणि तू सकाळीच लिनक्स अपडेट करत बसलास."

"लिनक्सचा गाभा असतो ना, कर्नल, तो नवा आला. स्क्रीनवर चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, म्हणून स्क्रीन काळा."

"मग जुन्या कर्नलवर चालू कर. मागच्या वेळी तसंच केलं होतंस."

"तो काढून टाकला. उगाच जागा अडवत होता."

"पायावर धोंडा मारायचा तर स्वतःच्या मारून घ्यावा. माझ्या कशाला?"

"अगं, फिल्म आत शाबूत आहे. फक्त दिसत नाही."

"तुझ्याबद्दल मी आईला हेच सांगते. आत माया आहे, फक्त दिसत नाही."

"मग आई काय म्हणते?"

"म्हणते, काळ्या पडद्यापुढे अजून किती वर्षं बसणार आहेस?"