आधी भोंगा, मग मिक्सर

...नाही, पण मला सांगा, माणसाने अक्षरं एवढी बारीक का छापावीत? मुंगीने वाचायची आहेत का? तुम्हाला सांगतो, काड्यापेटीएवढा तो टायमर, त्याच्यावर स्क्रूड्रायव्हरने फिरवायची एक खाच, खाचेभोवती ए, बी, सी, डी, आणि त्या चार अक्षरांत माझ्या थोरल्या साडूंचा जीव! म्हणजे तेव्हा मला ठाऊक नव्हतं हो. मी आपला सिमेंटच्या ठोकळ्यांच्या कारखान्यातला वायरमन, अठरा वर्षं तेच पॅनल, तोच मिक्सर, आणि नियम एकच... आधी भोंगा, मग मिक्सर.

हिरवं बटण दाबलं की टायमरला वीज मिळते, तो गप्प बसून दहापर्यंत मोजतो, तोवर भोंगा बोंबलतो, कोणी आत असेल तर बाहेर येतो. दहा झाले की टायमर कट्‌कन पलटतो, भोंगा बंद, मिक्सर चालू. याला म्हणतात ऑन डिले. हुकूम मिळाल्यावर वेळ काढायचा आणि मग हलायचं. आमचे थोरले साडू! दुसरा प्रकार इंटरव्हल. हा हुकूम मिळाला की तत्क्षणी उडी मारतो आणि ठरलेला वेळ भरला की थंड, म्हणजे मी आणि माझा व्यायाम, असं आमची ही म्हणते. तिसरा ऑफ डिले, हुकूम संपला तरी याचं चालूच. सासूबाईंचं भांडण घ्या, विषय मिटतो, माणसं उठून जातात, त्या अर्धा तास सुरूच. आणि चौथा सायक्लिक, चालू-बंद, चालू-बंद, तो आमचा मालक, सकाळी नोकरीवरून काढतो, दुपारी चहा पाजतो.

सगळं पाठ आहे हो मला! पण अकरा वर्षांचा जुना टायमर जळाला, मालकाने दुसऱ्याच कंपनीचा आणला, जुन्यात ए म्हणजे ऑन डिले होतं म्हणून मी डोळे झाकून ए लावलं. सोबत माहितीचा कागद होता. होता ना! टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली घातला.

आता त्या मिक्सरमध्ये उतरतं कोण? आमचे साडूच. रोज जेवणानंतर आत उतरून पात्यांवर वाळलेलं सिमेंट छिन्नीने ठोकून काढायचं. त्यासाठी आमच्याकडे पद्धत आहे, कुलूप नाही, पाटी नाही. आत जाणाऱ्याने चपला पॅनलखाली काढायच्या. चपला दिसल्या की बटणाला हात लावायचा नाही, प्रत्यक्ष मालकानेसुद्धा.

त्या दिवशी जमीन धुतलेली, माझे बूट भिजलेले, उन्हात वाळत टाकलेले. आणि अनवाणी पॅनलला हात लावायचा नाही हा तर आमच्या धंद्यातला पहिला धडा. बाजूला चपला दिसल्या, पाण्याच्या लोटाने पॅनलपासून हातभर सरकलेल्या, एक उलटी. मी सरळ केली आणि पायात घातल्या. सुरक्षितता म्हणून! ऐकताय ना?

तेवढ्यात मुकादम आला. त्याचं आपलं एकच, "झालं का? झालं का? माल खोळंबलाय." मग वाकून पॅनलखाली बघितलं त्याने. बिचारा नियमाचा पक्का.

"चपला नाहीत," तो म्हणाला. "आत कोणी नाही. दाब."

मीही वाकून बघितलं. नव्हत्या. कशा असतील?

दाबलं.

भोंगा वाजला नाही. थेट मिक्सर घरघरला, आत पाती फिरायला लागली, आणि माझी मान खाली गेली ती का गेली देव जाणे... उजव्या चपलेचा अंगठा लाल वायरीने बांधलेला. ती वायर मागच्या आठवड्यात मीच बांधून दिली होती. साडूंना.

तुम्हाला सांगतो, लाल बटण वीतभर अंतरावर होतं. वीतभर! हात उचलेना. मिक्सरचं तोंड डोक्याच्या वर, आतलं काही दिसत नाही, नुसता खड्‌खड्‌ आवाज, आणि मी तो आवाज ऐकत उभा, खडीचा आहे की कशाचा... मेहुणीला काय सांगू, पोरींना काय सांगू, एवढंच डोक्यात. आधी भोंगा, मग मिक्सर, एवढंच तर होतं! दहा सेकंद झाले. मिक्सर आपोआप थांबला. आणि मग, सगळं झाल्यावर, भोंगा वाजायला लागला.

मुकादम पांढराफटक. मी पायांकडे बघतोय. आणि सिमेंटच्या पोत्यांमागून डोळे चोळत कोण उठलं?

"भोंगा कुणी वाजवला रे? मी अजून आत गेलोच नाही."

अठरा वर्षं हो! अठरा वर्षं हा माणूस चपला काढून ठेवतो, जगाला वाटतं आत उतरला, आणि हा पाव तास पोत्यांमागे डुलकी काढतो. मुकादमाकडे कागाळी मी केली, सासूबाईंकडे मी केली, भर पंगतीत यांच्या आळसावर मी बोललो. आणि त्या आळसाने त्यांचा जीव वाचवला, माझ्या पहिल्या धड्याने जवळजवळ घेतला होता.

साडूंनी मिक्सरकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बरोबर बसल्या तुला," एवढंच म्हणाले.

या कंपनीचं ए म्हणजे इंटरव्हल निघालं, आधी उडी, मग थंड. खाच मी बीवर आणली, तीनदा तपासली, कागद टेबलाखालून काढून पॅनलच्या दारावर चिकटवला. आता पुन्हा आधी भोंगा, मग मिक्सर. रात्री झोपेत मात्र मी अजून लाल बटण दाबतो. ऑफ डिले, दुसरं काय. घरी कोणाला काही कळलेलं नाही. साडू बोलले नाहीत, बोलणारही नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून चपला पॅनलखाली ठेवणं त्यांनी बंद केलं, थेट माझ्या हातात देतात.

"धर. मी बाहेर आलो की दे."

तेव्हा रोज दुपारी तासभर मी पॅनलसमोर उभा असतो, साडूंच्या चपला छातीशी धरून. त्यातला पहिला पाव तास ते पोत्यांमागे घोरत असतात, मला इथून स्पष्ट ऐकू येतं... आणि मी, तुम्हाला सांगतो, कोणी मोठ्याने बोललं तर त्याला गप्प करतो.