माझ्या हाताला गुण येऊ नये म्हणून

माझं माहेर इथल्याच जुन्या शहरातलं, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतलं. आजोबा संस्थानच्या फौजेत होते, वडील पुढं कचेरीत शिपाई झाले, पण घरातली कवायत काही सुटली नाही हं ताई. ताठ बसा, नीट नेसा, साहेब समोर आला की आधी दोन्ही हात जोडा, मग बोला. जेवताना मांडी मोडली तरी वडील नुसतं बघायचे आणि आम्ही पुन्हा मांडी घालायचो. बाहेर सगळं गुजराती, घरात मराठी, धाक मात्र दोन्हीकडं वडिलांचाच. लग्न होऊन मी मांजलपूरला आले, भाड्याची एक खोली आणि एवढंसं रसोडं. आमचे हे रिक्षा चालवायचे. ते गेले, मूलबाळ नाही, मागं राहिलो सासूबाई आणि मी, काय सांगू तुम्हाला, दोन विधवा एकमेकींचं तोंड बघत. सावली गावाहून माझा भाऊ आला, म्हणाला चल माझ्याकडं, पण तुझ्या सासूला मी नेणार नाही. म्हटलं मग तू जेव आणि तुझ्या बसला लाग.

तेव्हा मी नोकरी धरली. जुन्या मोठ्या कंपन्या माणसं कमी करत होत्या आणि नव्या छोट्या कंपन्यांना बायका हव्या होत्या, का, तर बायका भांडत नाहीत म्हणून. मला ओळखत नव्हते ते! औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या बांधायचं मशीन होतं, दोन गरम रोलर, मधून चकचकीत कागद जातो आणि गोळ्या आत बंद होऊन बाहेर पडतात. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनं रोलरपुढची जाळी काढून टाकली होती. मी सांगितलं होतं त्याला, जाळी लावा. तर म्हणाला, बेन, कामथी काम राखो ने, म्हणजे तुम्ही तुमचं काम बघा. एक दिवस कागद अडकला, मी सोडवायला गेले आणि रोलरनं माझा उजवा हात आत ओढला. त्याच्या पुढचं नाही सांगत. अजून पोळी करपली की मला त्या वासानं कसंतरी होतं, मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसते.

हात राहिला म्हणायचा, पण बोटं आत वळून घट्ट बसली, कातडी आखडली, नोकरी तर गेलीच. विम्याचं पेन्शन मिळतं असं कळलं, पण त्याच्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढं जायचं, हात किती गेला ते ते ठरवणार. आता माझं शहाणपण ऐका. सासूबाईंनी मला इस्त्रीचं पातळ नेसवलं, पिना लावल्या, वेणी घालून दिली, एकटीला मला ह्यातलं काहीच जमत नव्हतं ना. मी आत गेले, समोर तीन डॉक्टर बसलेले, आणि वडिलांचं वळण ते, झटकन दोन्ही हात जोडले. जोडले म्हणजे काय, उजव्याला डाव्यानं दाबून सरळ केला, डोळ्यापुढं काजवे चमकले, पण जोडले बाई. त्यातले एक म्हणाले, वाह, हाथ तो सरस चाले छे. आणि लिहून मोकळे. अहो, बसा म्हणायच्या आधी माझा निकाल लागला! पेन्शन बसलं ते इतकं थोडं की सांगायचीसुद्धा लाज वाटायची.

आमच्या कंपनीत युनियनचे भीखूभाई होते, बोलायला कडक पण मनानं देवमाणूस, त्यांनी मला अपील करायला लावलं. किती खेटे घातले, किती बाकांवर बसले, ते सोडा. शेवटी अपीलवाल्या साहेबांनी स्टीलचा पेला पुढं केला, म्हणाले उचला. पेला सुटला, परत धरला, परत सुटला, पाणी सगळं त्यांच्या टेबलावर. मी पदरानं पुसायला लागले तर म्हणाले, बस बेन, बस. जिंकले मी. त्या दिवाळीला किती वर्षांनी आमच्या घरात चकलीचा वास आला. पण तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं, हे कायमचं नाही, पुन्हा तपासणी होणार, हात सुधारला असेल तर पेन्शन कमी होणार.

ती तपासणी उद्या आहे ताई.

पेन्शन कमी झालं की भाडं निघत नाही, भाडं निघालं नाही की खोली गेली. मी सावलीला जाईन हो, भाऊ आहे. सासूबाई कुठं जातील? त्यांना ह्या जगात माझ्याशिवाय कोण आहे, तुम्हीच सांगा.

महिनाभर भीखूभाई संध्याकाळी येतात आणि माझी तालीम घेतात. ते डॉक्टर होऊन खुर्चीवर बसतात, मी दारातून आत येते, आणि मेले माझे हात आपोआप वर जातात. ते कपाळ बडवतात, अरे बेन, नमस्ते मोढाथी करो, नुसतं तोंडानं! इस्त्री नको, विचारलं तेवढंच बोला, शेजाऱ्यांशी हाताबद्दल बोलू नका, कचेरीतून माणूस येऊन चौकशी करून जातो कधी कधी. आणि दवाखान्यातल्या बेननं व्यायामाला दिलेला तो रबरी बॉल आता राहू द्या. मी म्हटलं हे खोटं झालं. ते म्हणाले खोटं कसलं, तुम्ही त्या हातानं आठ तास मशीन चालवाल का? नाही ना? मग? बॉल मी माळ्यावर टाकला. तेव्हापासून बोटं पुन्हा आखडायला लागलीत, ठणकतात. आपला हात आपणच लुळा पडू द्यायचा आणि वर बघत बसायचं, पुरेसा पडला का, पुरेसा पडला का! रडूही येतं आणि एखाद्याचं डोकं फोडावंसंही वाटतं.

सासूबाईंना ह्यातलं फार कळू दिलं नाही मी, तालमीच्या वेळी त्या देवळात असतात, त्यांच्या जिवाला घोर कशाला. आणि तिथंच घात झाला. माझा हात भाजला तेव्हा त्यांनी देवीपुढं गोड सोडलंय. सुनेच्या हाताला गुण आला की मगच साखर तोंडात घालीन. श्रीखंडासाठी जीव टाकणारी बाई, चहासुद्धा फिका पिते. आज सकाळी काय झालं, दूध उतू चाललं, मी धावले आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून उतरवलं. धरलं गेलं. कसं ते मलाही कळलं नाही. मागं बघते तर सासूबाई उभ्या. त्यांनी डबा उघडला, चिमूटभर साखर तोंडात घातली आणि रडायला लागल्या. मी हात बघत राहिले माझा, खरं सांगू, मलाही आनंद झाला हो, क्षणभर झालाच. तेवढ्यात त्या वाटी घेऊन बाहेर. सगळ्या सोसायटीत दारोदार साखर वाटत सुटल्या, माझ्या सुनेच्या हाताला गुण आला, लो बेन, मोढुं मीठुं करो.

मी अनवाणी मागं धावले, हाताला धरून आत आणलं आणि ओरडले त्यांच्यावर. सगळं सांगितलं, पेन्शन, बोर्ड, खोली. म्हटलं आई, आत्ताच्या आत्ता देवीला सांगा, अजून थोडे दिवस थांब म्हणावं. त्या म्हणाल्या, अगं, मी मागितलं ते तिनं दिलं, आता परत घे कसं म्हणू? आणि तेव्हापासून तिथं भिंतीला टेकून बसल्यात, जेवल्या नाहीत. मीही नाही जेवले.

भीखूभाई म्हणतात एकदा पातेलं धरलं म्हणजे हात बरा झाला असं नाही, बोर्डाला समजेल. समजेल की नाही देव जाणे. तुमचं भलं होवो ताई, इतकं ऐकून घेतलंत. देवळात जात असाल तर माझ्या हातासाठी काही मागू नका. खोलीसाठी मागा.